अ‍ॅपने सुचवलेलं नाव आणि आपली नोंद

पक्ष्याचा, किड्याचा किंवा झाडाचा फोटो काढला, अ‍ॅपने नाव दाखवलं, नावावर बोट टेकवलं, नोंद झाली. यातली तिसरी पायरी मला सगळ्यात जास्त खटकते. अ‍ॅप फक्त सुचवतं. मान्य आपण करतो. न पडताळता मान्य केलेलं नाव पुढे कुठवर जातं, याची बहुतेकांना कल्पना नसते.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या अ‍ॅपवर नोंद 'रिसर्च ग्रेड', म्हणजे अभ्यासात वापरण्याजोगी, व्हायला फोटो किंवा आवाज, तारीख, ठिकाण आणि ओळख देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त जणांचं एकमत लागतं. पण ओळख देणारे दोघेच असले तरी पुरतं. एकाने अ‍ॅपची सूचना उचलली आणि दुसऱ्याने मैत्रीखातर 'अ‍ॅग्री' दाबलं, की चुकीच्या नावावर शिक्का बसला. अशा नोंदी पुढे जीबीआयएफसारख्या जागतिक माहितीसाठ्यात जातात आणि अ‍ॅपचं पुढचं मॉडेलही लोकांनी ओळखलेल्या फोटोंवरच शिकतं. म्हणजे आज केलेली चूक उद्या दुसऱ्या कुणाला सूचना म्हणून दिसू शकते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: ओळखीची खूण स्वतः पाहिली नसेल, तर 'अ‍ॅग्री' दाबू नका. आभार मानायला ते बटण नाही.

अ‍ॅप चुकतं त्याची कारणं समजून घेतली की चूक आधीच दिसायला लागते. पहिलं कारण म्हणजे मॉडेलला फक्त शिकवलेल्या जातीच ठाऊक असतात. एखाद्या जातीचे पुरेसे फोटो जमलेलेच नसतील, तर तिचं नाव सुचवलं जाणार नाही. तिच्यासारखी दिसणारी, भरपूर फोटो असलेली दुसरी जात पुढे येईल. कोळी, पतंग, छोट्या माश्या, भुंगेरे यांत हे सतत घडतं. दुसरं कारण ठिकाण. आसपास कोणत्या जाती आढळतात हे पाहून अ‍ॅप यादी गाळतं. लोकेशन बंद असेल, किंवा मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेला फोटो टाकला असेल, तर फोटोतली तारीख आणि जागेची माहिती बहुधा गळालेली असते. मग भलत्याच खंडातली नावं वर येतात. फोटो मूळ फाइलमधूनच टाका. दाट झाडीत जीपीएसला जागा पकडायला वेळ लागतो, तेव्हा नकाशावरचं अचूकतेचं वर्तुळ केवढं आहे तेही बघा. तिसरं कारण कातरणी, म्हणजे फोटो क्रॉप करणं. मॉडेल मोठा फोटो खूप लहान करून पाहतं, त्यामुळे फ्रेमच्या कोपऱ्यातला पक्षी त्याच्यासाठी चार ठिपके उरतो. पक्षी मध्ये घेऊन फोटो कातरा आणि मगच ओळख विचारा; नुसत्या एवढ्याने सूचना बदललेल्या दिसतील.

वयाचं गणितही असतंच. ब्राह्मणी घार म्हटलं की पांढरं डोकं आणि तांबूस अंग डोळ्यांसमोर येतं, पण तिची पहिल्या वर्षातली पिल्लं तपकिरी असतात आणि साध्या घारीसारखी दिसतात. तिथे रंगावर जाऊ नये, शेपटी पाहावी: साध्या घारीची खाच पडलेली, ब्राह्मणी घारीची गोलसर. बसलेल्या पक्ष्याच्या समोरून काढलेल्या फोटोत ही खूणच नसेल, तर अ‍ॅप काहीही म्हणो, त्या फोटोवरून ठामपणे सांगता येत नाही.

म्हणून फोटो काढतानाच खुणांचा विचार हवा. पक्ष्याचा एक फोटो बाजूने, त्यात चोच, डोळ्यावरची भुवई आणि पाय दिसायला हवेत, एक पाठीचा, जमला तर उडतानाचा. फुलपाखराचे पंख वरून आणि खालून दोन्ही हवेत. युरेमा या प्रजातीतल्या (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) पिवळ्या फुलपाखरांत तर पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूचे बारीक ठिपकेच कामाला येतात. चतुरांचा वरून आणि बाजूने फोटो घ्या, पोटाचं टोक स्पष्ट येऊ द्या. अळंबी असेल तर छत्रीची खालची बाजू आणि माती सारून दिसणारा देठाचा तळ. अळंबीबद्दल एकच सांगतो: अ‍ॅपच्या भरवशावर कोणतीही खाऊ नका, कितीही टक्के खात्री दाखवली तरी. झाडांत नुसतं पान पुरत नाही. फूल, फळ, साल आणि पानांची फांदीवरची मांडणी घ्या. आकाराचा अंदाज फोटोतून फसतो, म्हणून किड्याशेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून एक फोटो काढावा.

हे सगळं करूनही जातीपर्यंत पोचता आलं नाही, तर प्रजातीवर थांबावं. तेही नसेल तर कुळावर. तिरचिमण्या आणि पानांत हुंदडणारे लहान वटवटे या पक्ष्यांच्या कित्येक फोटोंसाठी हेच प्रामाणिक उत्तर आहे. 'जात कळली नाही' असं लिहिलेली नोंद पुढे जाणकार सुधारतो. खोट्या खात्रीने लिहिलेली चुकीची जात मात्र वर्षानुवर्षं कुणी उघडून बघत नाही.

आवाजाचं प्रकरण वेगळं आहे. मर्लिन या पक्षी ओळखणाऱ्या अ‍ॅपमध्ये आवाजावरून ओळख २०२१ मध्ये आली आणि तेव्हापासून न दिसलेल्या पक्ष्यांच्या याद्या झपाट्याने लांबायला लागल्या. साधन उत्तमच आहे. कान तयार करायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही माझ्या माहितीत नाही. पण भृंगराज कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, हरेवाही करतो, आणि अ‍ॅप नकलेला मूळ पक्ष्याचं नाव देऊ शकतं. वारा, वाहणारं पाणी, रातकिडे आणि आपल्याच पावलांचा आवाज हेही गोंधळ घालतात. फोनचा माइक बहुधा खालच्या कडेला असतो. तिथे बोट येऊ देऊ नका, ती कडा आवाजाच्या दिशेला धरा आणि निदान अर्धा मिनिट हलू नका. रेकॉर्डिंग संपल्यावर यादीतल्या नावावर टिचकी मारली की तो आवाज जिथे आला तिथे अ‍ॅप नेतं. तो तुकडा आणि अ‍ॅपमधला नमुना एकापाठोपाठ ऐका, स्पेक्ट्रोग्रामवरच्या (पडद्यावर उमटणाऱ्या आवाजाच्या चित्रातल्या) रेषांचा आकार जुळतो का ते पाहा. एकदाच, क्षणभर उमटलेलं नाव ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या यादीत चढवू नका. दुर्मीळ असल्याची खूण असेल, तर पक्षी दिसेपर्यंत किंवा आवाज पुन्हा मिळेपर्यंत थांबा.

निघण्याआधी वायफायवर मर्लिनमधला त्या भागातल्या पक्ष्यांचा पॅक उतरवून ठेवा, काहीशे एमबी जागा मोकळी असू द्या. रेंज नसलेल्या जागी फोन सतत नेटवर्क शोधतो आणि बॅटरी खातो. विमान मोडमध्येही जीपीएस चालतं, तेव्हा तो चालू करून ठेवा. फोटो आणि रेकॉर्डिंग जपून ठेवली की नाव विचारायचं काम घरी आल्यावरही होतं.

सापांना मात्र वेगळा नियम. मण्यारीचे पांढरे पट्टे बहुधा जोडीजोडीने येतात, डोक्यामागे काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. बिनविषारी कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक, शेपटीकडे पुसट. मण्यारीच्या पाठीच्या मधल्या ओळीतले खवले मोठे, षटकोनी असतात, कवड्याचे नसतात. टॉर्चच्या झोतातल्या, हललेल्या फोटोत यातलं काहीही धड दिसत नाही. अ‍ॅपने कवड्या म्हटलं तरी अंतर मण्यारीइतकंच ठेवायचं, फोटोसाठी पुढे सरकायचं नाही. आणि दंश झाला असेल तर फोन फक्त गाडी बोलवायला वापरा. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, त्यामुळे 'काही होत नाहीये' म्हणून ओळख पटवत बसणं जिवावर बेतू शकतं.

शेवटची गोष्ट आवाज वाजवण्याची. अ‍ॅपमधला नमुना आपल्याला ऐकण्यासाठी आहे, पक्ष्याला बोलावण्यासाठी नाही. विणीच्या काळात नराला वाटतं की हद्दीत दुसरा नर शिरलाय. तो खाणं, पिल्लांना भरवणं सोडून त्या आवाजाच्या मागे फिरत राहतो. नमुना ऐकायचा असेल तर इअरफोन लावा किंवा तिथून लांब गेल्यावर ऐका. घरट्याचे फोटो तर पिल्लं उडून जाईपर्यंत कुठेच टाकू नका. आयनॅचरलिस्ट संकटग्रस्त जातींची जागा आपोआप अक्षांश-रेखांशाच्या ०.२ अंशांच्या चौकटीत धूसर करतं. इतर जातींसाठी तो पर्याय आपल्यालाच निवडावा लागतो. तो निवडल्यावर फोटोखालच्या मजकुरात तळ्याचं किंवा पायवाटेचं नाव राहून गेलंय का, तेवढं पुन्हा एकदा वाचा.