नुसते मेगावॅट मोजून भागत नाही

डेटा सेंटरच्या वीजमागणीवरच्या लेखात त्यांना किती मेगावॅट लागतील, एवढाच हिशेब आहे. तेवढा लोड, म्हणजे तेवढी वीज घेणारी यंत्रणा, ग्रिडवरून एकदम सुटला तर काय, हे त्याहून अवघड. १० जुलै २०२४ ला अमेरिकेत उत्तर व्हर्जिनियात २३० केव्ही (किलोव्होल्ट) लाइनवरचा लाइटनिंग अरेस्टर (विजेच्या कडकडाटापासून लाइन वाचवणारं उपकरण) निकामी झाला. लाइन आपोआप रिक्लोज होत राहिली, म्हणजे बंद पडून पुन्हा चालू होत राहिली, आणि ८२ सेकंदांत सहा फॉल्ट (बिघाड), म्हणजे सहा व्होल्टेज डिप (क्षणभर व्होल्टेज पडणं). तिथल्या डेटा सेंटरच्या अनेक यूपीएसमध्ये (बॅटरी बॅकअप यंत्रणेत) डिपची मोजणी लावलेली होती: मिनिटभरात तीन डिप आले की लोड बॅकअपवर, आणि कोणी हाताने ग्रिडवर परत टाकेपर्यंत तिथेच. ग्रिडवरून सुमारे १५०० मेगावॅट लोड गायब! फ्रिक्वेन्सी (तिथे नेहमीची ६० हर्ट्झ) ६०.०४७ हर्ट्झच्या वर गेली नाही. व्होल्टेज मात्र चढलं, व्होल्टेज वर धरणाऱ्या शंट कपॅसिटर बँका ग्रिडमधून बाहेर काढाव्या लागल्या.

यात यूपीएस बिघडला नव्हता, सेटिंगप्रमाणेच वागला. म्हणून जोडणी देतानाच किती खोल आणि किती वेळाचा डिप सोसायचा, ती मोजणी किती ठेवायची, परत येताना मिनिटाला किती मेगावॅट घ्यायचे, हे करारात लिहून घ्यावं. नवी मुंबईतल्या ऐरोली-महापेसारख्या, डेटा सेंटरच्या दाट पट्ट्यात तर आधी. सगळ्यांची सेटिंग एकसारखी असली की सगळे एकदमच सुटतात.