म्हणे लोकसहभागातून भागवा!

परत तेच ऐकून आले. "लोकसहभागातून भागवा." काल दुपारी अडीच वाजता, आम्हाला साधं पाणीसुद्धा न विचारता. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी नवऱ्यावर ओरडले, पोरावर ओरडले, आता इथं लिहितेय.

आम्ही अकरा जणी साहेबांच्या कार्यालयात गेलो होतो. सात अंगणवाडी सेविका, तीन मदतनीस आणि माझ्या अंगणवाडीतल्या एका पोराची आजी. विधिमंडळाच्या अधिवेशनाआधी निवेदन द्यायचं हे आमचं दरवर्षीचं. मागणी एवढीच, की पोषण आहाराचा दर वाढवा, केंद्र वाढवत नसेल तर राज्याने स्वतःची भर घालावी आणि लेकरांना आठवड्यातून निदान तीन अंडी द्यावीत. खाली पाच गावांतल्या आयांच्या सह्या, चार पानं. साहेबांनी मागणी वाचलीच नाही. बोटाला थुंकी लावून थेट शेवटचं पान काढलं, अंगठ्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "यातले खरे किती?"

खरे किती! समोर बसलेल्या आजीच्या अंगठ्याला निळी शाई तशीच होती. सकाळी माझ्याच अंगणवाडीच्या ओट्यावर तिने तो उठवला होता. लेक आणि सून ऊसतोडीला गेलेत, नातू तिच्याजवळ. सव्वीस महिन्यांचं पोर, मागच्या आठवड्यात वजन भरलं सात किलो नऊशे ग्रॅम. काटा चुकला असेल म्हणून मी त्याला तीनदा उतरवून परत ठेवलं. ते रडलंसुद्धा नाही. या वयाचं पोर काट्यावर ठेवलं की आकाशपाताळ एक करतं हो. हे नुसतं बघत बसलं.

आजी हात जोडून म्हणाली, "सायेब, लेकराला एक अंडं तरी लावा." तर साहेब म्हणाले, "आजी, अंडं निकषात बसत नाही. तरतूद नाही. लोकसहभागातून भागवा." आणि माझ्याकडे वळून, "ताई, तुम्ही सरपंचांना का नाही बोलत?"

सरपंचांना बोलले आहे. दूधवाल्याला बोलले आहे, किराणावाल्याला बोलले आहे, पोराचा वाढदिवस असलेल्या प्रत्येक घरी जाऊन केकऐवजी केळी द्या म्हणून सांगितलं आहे. अंगणवाडीचं रंगकाम लोकसहभागातून, चटया लोकसहभागातून, पाण्याची टाकी लोकसहभागातून. गावात मी येताना दिसले की माणसं वाट बदलतात. आणि ज्या लोकांनी सहभाग द्यायचा ते लोक कोण? जे स्वतः उचल घेऊन कारखान्याला जातात ते?

आठ रुपये. एका लेकराला एका दिवसाचे आठ रुपये. हा दर २०१७ साली ठरला. तीव्र कुपोषित असेल तर बारा. अर्धे केंद्राचे, अर्धे राज्याचे, म्हणजे आपल्या राज्याच्या वाट्याला दिवसाला चार रुपये येतात. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर एका पोराच्या पोटावर सगळे मिळून २,४०० रुपये. २०१७ साली तेल काय भावाने होतं आणि आज काय भावाने आहे, हे विधानसभेत बसलेल्या एकाही माणसाच्या घरात कुणाला माहीत नाही का? आठ रुपयांत आज गावात एक अंडं येतं आणि वर रुपया उरतो. आहार शिजवणारा आमचा बचत गट त्यातच डाळ-तांदूळ, तेल-मीठ, गॅस सगळं बसवतो, आणि त्याचंही बिल चार-चार महिने निघत नाही. गटाच्या अध्यक्ष मावशी किराणा दुकानात उधारीच्या वहीवर चालवतात. दुकानदार चिडला की वरण पातळ होतं. मी स्वतः ढवळून बघितलं आहे, तळाला डाळ लागत नाही.

केंद्राचा दर आहे, आमच्या हातात काही नाही, हे तर मला सांगूच नका. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंडी-केळी याच राज्याने स्वतःच्या पैशाने २०१५ पासून सुरू केली ना? मग मनात आणलं की तरतूद होते, हे दिसलंच. आमच्या तालुक्यातली पोरं आदिवासी नाहीत म्हणून त्यांना भूक कमी लागते का? तमिळनाडूत शाळेच्या ताटात अंडं असतं, ओडिशात अंगणवाडीत देतात. आपण श्रीमंत राज्य. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत आपली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के लेकरं वयाच्या मानाने बुटकी निघाली. तीन पोरांत एक! आणि शाळेतल्या पोरांना आठवड्याला एक अंडं सुरू केलं होतं, त्याचाही सरकारी निधी जानेवारी २०२५ मध्ये काढून घेतला. त्या आदेशातही तोच शब्द, ज्यांना द्यायचं त्यांनी लोकसहभागातून द्यावं.

पैसे नाहीत म्हणता? २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लाडक्या बहिणींसाठी ३६,००० कोटी ठेवले. बहिणींना मिळाले याचा मला आनंदच आहे, माझ्या गावातल्या बायांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले. ते अर्ज कुणी भरले? आम्हीच, रात्री बारा-बारापर्यंत, रेंज येते म्हणून देवळाच्या पायरीवर बसून. बहिणीला मत आहे, तिच्या सव्वीस महिन्यांच्या पोराला मत नाही. एवढाच फरक आहे, दुसरा कुठलाही फरक मला दिसत नाही.

मोजायला मात्र यांच्याकडे कायम पैसा असतो. नोंदी भरायला आधी दिले ते मोबाईल हातात धरवत नव्हते इतके तापायचे. २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी ते परत नेऊन दिले तेव्हा कुठे जाग आली. आता चेहरा पडताळणी. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहाराला चेहरा जुळला पाहिजे. पोराची आई उसाच्या फडावर, तिचा चेहरा मी कुठून आणू? आजीचा जुळत नाही. दोन वेळा तिला रिकाम्या हाताने परत पाठवलं, माझ्या या हातांनी. घरी न्यायच्या आहाराचं ते पाकीट लेकरं आवडीने खात नाहीत, कधीकधी शेळीच्या पुढ्यात जातं, हे मलाही माहीत आहे, उगाच कशाला लपवू. पण म्हणून चांगलं द्यायचं, की हेही अडवायचं?

२०२३ च्या ४ डिसेंबरपासून ५२ दिवस संपावर बसलो तेव्हा सगळे म्हणाले, यांना पगार पाहिजे. हो, पाहिजे. केंद्राने आमच्या मानधनाचा दर ४,५०० रुपये केला, त्यातही राज्याचा वाटा धरून, तो २०१८ च्या ऑक्टोबरात, तिथेच आहे. पण त्या ५२ दिवसांतसुद्धा मी या पोरांच्या घरी जात होते, हे कुणी लिहिलं नाही.

येताना एसटीत आजी गप्प होती. फाटा आला तेव्हा म्हणाली, "बाई, त्यो अंगठा माझाच हाय म्हणून सांगायचं राहिलं."

मला तिथंच रडू फुटलं.

सोमवारी परत जाणार आहोत. निवेदन तेच. यावेळी जोडीला त्या किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीची झेरॉक्स आणि त्या पोराचा वाढीचा तक्ता लावणार आहे. एक प्रत आमदारांना, एक पालकमंत्र्यांना, आणि प्रत्येकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठणार नाही. आजीही येते म्हणाली. अंगठा साहेबांच्या समोरच उठवणार आहे.