एआय म्हणजे नवा कॅल्क्युलेटर नव्हे

‘कॅल्क्युलेटर आला तेव्हाही मास्तर ओरडले होते, शेवटी शाळांनी हार मानलीच. एआय हा नवा कॅल्क्युलेटर आहे. मुलांना गृहपाठाला खुशाल वापरू द्या, अभ्यास सुधारेल. नाहीतर ती मागे पडतील.’ पालकांच्या ग्रुपवर हा संदेश या महिन्यात मला तीनदा आला. मी नववीला मराठी शिकवते, म्हणून यातला एकेक दावा तपासते.

पहिला दावा, एआय म्हणजे कॅल्क्युलेटर. सतरा गुणिले तेवीस कितीही वेळा करा, कॅल्क्युलेटर ३९१ च दाखवणार. चॅटजीपीटी पुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, या अंदाजाने वाक्य जुळवतं, त्यामुळे चुकीचंही तितक्याच ठामपणे सांगतं. वर्गातल्या एका मुलीने निबंधात चॅटजीपीटीकडून घेतलेला एक अभंग तुकोबांचा म्हणून दिला होता. शेवटी ‘तुका म्हणे’ अगदी जागच्या जागी. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी गाथा घेऊन बसलो. अभंग सापडला नाही. मुलीचा चेहरा उतरला. तिने मला फसवलं नव्हतं, तीच फसली होती.

दुसरा दावा, कॅल्क्युलेटरपुढे शाळांनी हार मानली. कधी? आपल्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही, अशी सूचना असते. पाढेही अजून पाठ करून घेतो.

तिसरा दावा, एआयमुळे अभ्यास सुधारतो. हा नीट पाहायला हवा, कारण तो अर्धा खरा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्कस्तानातल्या सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा प्रयोग केला. निष्कर्ष २०२४ मध्ये आले. साधा चॅटबॉट हाताशी असलेल्या मुलांनी सरावाची गणितं ४८ टक्के चांगली सोडवली. पण चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तो कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांची कामगिरी १७ टक्के खालावली. वही सुधारली, मूल मागे पडलं! तिसऱ्या गटाच्या चॅटबॉटला मात्र उत्तर न सांगता शिक्षकांनी ठरवलेल्या हिंटच द्यायच्या, असं बजावलेलं होतं. त्या गटाचं हे नुकसान जवळजवळ झालं नाही.

म्हणून सरसकट बंदी मलाही नको. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये ती घातली आणि मे महिन्यात उठवली. माझ्या वर्गात आधी कच्चा निबंध वहीत, पेनाने. मग हवं तर एआयला विचारा, ‘कुठे चुकलं ते दाखव, लिहून देऊ नकोस.’

राहिलं मागे पडणं. एआयला प्रश्न विचारायला मूल दोन दिवसांत शिकतं. आलेलं उत्तर पारखायला मात्र आधी स्वतः वाचलेलं, लिहिलेलं, खोडलेलं लागतं.

त्या मुलीने निबंध पुन्हा लिहिला. दीड पान, शुद्धलेखनाच्या अकरा चुका, आणि तिची आजी रोज म्हणते तो अभंग. तो गाथेत होता.