‘ट्रायल रूममध्ये फोन लागला नाही म्हणजे छुपा कॅमेरा आहे’: फिरत्या मेसेजला एकेक उत्तर

जून लागला, लातुरात नीट-जेईईच्या बॅचेस भरल्या, मुली हॉस्टेलवर राहायला गेल्या, की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. तिथून तो नांदेड, परभणी, बीड असा फिरत संभाजीनगरला पोचतो. वर लाल दिवा आणि ‘प्रत्येक आईबापाने वाचा’ अशी हाक. खाली सहा दावे. ट्रायल रूममध्ये फोन लावून बघा, लागला नाही तर आत कॅमेरा आहे, कारण फायबर ऑप्टिक केबल सिग्नल अडवते. अंधारात मोबाइलचा कॅमेरा फिरवा, छुपा कॅमेरा असेल तर ठिपका दिसेल. आरशाला नख टेकवा, नख आणि प्रतिबिंब यांच्यात फट नसेल तर आरशापलीकडे कुणीतरी बघतंय. फुकटचं डिटेक्टर ॲप टाका. स्टार हॅश २१ हॅश डायल करा, फोन टॅप होतोय का ते कळेल. आणि कॉलमध्ये खरखर आली, फोन गरम झाला, तर टॅपिंग चालू आहे असं समजा.

खोल्या आणि फोन ‘स्वीप’ करणं, म्हणजे लपवलेले माइक, कॅमेरे, ट्रॅकर शोधणं, हे माझं रोजचं काम. वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांच्या बैठकीच्या खोल्या जास्त, घरं आणि हॉस्टेल कमी. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण तो घबराट पसरवतो त्यापेक्षा खोटा दिलासा जास्त देतो, आणि माझी तक्रार त्या दिलाशाबद्दल आहे.

‘फोन लागला नाही तर कॅमेरा’

फायबर ऑप्टिकमधून प्रकाश जातो. त्यातून रेडिओ लहरी बाहेर पडत नाहीत, त्यामुळे मोबाइलच्या लहरींना ती केबल अडवणार कशी? तुमच्या गल्लीत खांबाखांबावरून इंटरनेटचं फायबर लोंबत असतं, त्याखाली उभं राहून तुम्ही रोज फोनवर बोलताच. शिवाय छुप्या कॅमेऱ्याला फायबर जोडायच्या भानगडीत कोण पडतं? बाजारात मिळणारे स्वस्त कॅमेरे सरळ मेमरी कार्डवर रेकॉर्ड करतात. काहींमध्ये वायफाय असतं, पण त्याची ताकद किरकोळ. त्याने कॉल तुटत असते तर घरात राउटर लावल्यावर कुणाचाच फोन लागला नसता.

ट्रायल रूममध्ये फोन न लागण्याची कारणं साधी आहेत: तळघर, जाड स्लॅब, पत्र्याची पार्टिशनं. फोन मुद्दाम बंद पाडायचा तर जॅमर लागतो. तो केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय वापरणं बेकायदा आहे, आणि लावलाच तर दुकानदाराचं स्वतःचं यूपीआय आणि कार्डाचं मशीनही बसेल. लग्नसराईत कुठला कापडवाला हे करेल? हाच निकष खरा धरला, तर पाटोद्यापासून भूमपर्यंत बालाघाटाच्या डोंगरात जागोजागी कॅमेरे पुरलेत असं म्हणावं लागेल.

खरा धोका उलट्या बाजूचा आहे. मुलगी आत जाते, फोन लावते, फोन लागतो, आणि ती निर्धास्त होते. मेमरी कार्डवर रेकॉर्ड करणारा कॅमेरा मात्र नेटवर्कच्या सगळ्या कांड्या दिसत असतानाही चालूच असतो. हवेत काहीच सोडत नसल्याने तो सिग्नलवरून सापडायचाच नाही.

आमच्या धंद्यात यावर एक जुना दाखला सांगतात. १९४५ साली मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकी राजदूत हॅरिमन यांना लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली. ती राजदूतांच्या निवासस्थानात टांगली गेली. तिच्या आत सोव्हिएत संशोधक लेव्ह थेरेमिन यांनी बनवलेलं, चोरून ऐकायचं यंत्र होतं: बॅटरी नाही, तार नाही. बाहेरून विशिष्ट लहरींचा झोत टाकला की तेवढ्यापुरतं ते जागं व्हायचं आणि खोलीतला आवाज त्या लहरींवर चढवून परत पाठवायचं. झोत बंद, की यंत्र मुकं. १९५२ पर्यंत ते सापडलं नाही. १९६० मध्ये अमेरिकेने ते संयुक्त राष्ट्रांत जगाला दाखवलं. म्हणजे ‘सिग्नल नाही, तर बग नाही’ हे विधान मोठमोठ्या वकिलातींनाही महागात पडलेलं आहे.

मग बघायचं काय? कॅमेऱ्याला भिंग लागतं आणि भिंगाला समोर भोक लागतं. यातून सुटका कुठल्याच कॅमेऱ्याला नाही. खोलीत अंधार करा, टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी धरा आणि सावकाश भिंती, कपाटं, छत बघत जा. भिंग तुमच्याकडे रोखलेलं असेल तर एक बारीक, तीव्र ठिपका चमकतो आणि तुम्ही जरा बाजूला सरकलात की विझतो. स्क्रूचं डोकं, चकचकीत प्लास्टिक हेही चमकतं, म्हणून जवळ जाऊन बघायचं. आमच्याकडच्या महागड्या लेन्स-फाइंडरमागे तत्त्व हेच आहे.

दुसरा प्रश्न विजेचा. बोटभर बॅटरीवरचा कॅमेरा काही तासांत झोपतो. दिवसेंदिवस चालवायचा असेल तर त्याला सॉकेट हवं. म्हणून चार्जर, ॲडॅप्टर, भिंतीवरचं घड्याळ, स्मोक डिटेक्टर, सेट-टॉप बॉक्स यांच्याकडे आधी बघा. ही वस्तू इथे का आहे, तिचं तोंड पलंगाकडे किंवा न्हाणीघराकडेच का आहे? तुळजापूरला दर्शनाला जाऊन लॉज घेतला आणि कुणाचा म्हणून नसलेला एक चार्जर सॉकेटला दिसला, तर तो काढून उलटा ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. या तपासणीला पाच-दहा मिनिटं जातात आणि पैसा लागत नाही. मेसेजमध्ये नेमकी हीच नाही.

‘मोबाइलचा कॅमेरा फिरवा, ठिपका दिसेल’

हे अर्धं खरं. रात्री बघणाऱ्या कॅमेऱ्यांना इन्फ्रारेड दिवे असतात. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, मोबाइलला कधी कधी दिसतात. मात्र बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेड गाळणारी काच असते, म्हणून पुढचा कॅमेरा वापरा आणि आधी टीव्हीच्या रिमोटवर चाचणी घ्या. बटण दाबल्यावर रिमोटचा दिवा स्क्रीनवर दिसला तरच तो फोन या कामाचा. आणि ट्रायल रूममध्ये भरपूर उजेड असतो, तिथल्या कॅमेऱ्याला हे दिवे लागतच नाहीत.

‘नखाची चाचणी’

साध्या आरशाचा मुलामा काचेच्या मागच्या बाजूला असतो, म्हणून फट दिसते. मुलामा पुढच्या बाजूला असेल तर दिसत नाही. पण पलीकडून दिसणारा आरसाही मागे मुलामा असलेल्या काचेचा करता येतो, आणि पुढे मुलामा असलेला आरसा निव्वळ शोभेचाही असू शकतो. तेव्हा नखावर जाऊ नका. असा आरसा काम करतो तो पलीकडे अंधार असतो म्हणून. काचेला चेहरा चिकटवून दोन्ही हातांनी उजेड अडवा आणि आत बघा, किंवा टॉर्च काचेला टेकवून पलीकडे पोकळी दिसते का ते पाहा. आरसा मुळात पक्क्या भिंतीवर टांगलेला असेल तर प्रश्नच मिटला.

‘डिटेक्टर ॲप’

यातली बरीचशी ॲप फोनमधला होकायंत्राचा सेन्सर वापरतात. तो चुंबकीय क्षेत्र मोजतो, कॅमेरा ओळखत नाही. स्पीकर, पलंगाचा लोखंडी अँगल, भिंतीतली सळई, सगळ्यांपुढे तो ओरडणार. वायफाय तपासणारी ॲप जरा बरी, पण त्यांना फक्त त्याच नेटवर्कवरची उपकरणं दिसतात. स्वतःचं सिम असलेला किंवा कार्डवर रेकॉर्ड करणारा कॅमेरा त्यांच्या हिशेबातच नाही.

ऑनलाइन मिळणारे अँटेनावाले डिटेक्टर टॉवर, राउटर, शेजाऱ्याचा ब्लूटूथ स्पीकर अशा कशावरही वाजतात. असं काही हातात घेऊन खोलीत दोन चकरा मारून पैसे घेणारे ‘एक्स्पर्ट’ आता आपल्याकडेही दिसू लागलेत. त्यांना एक प्रश्न जरूर विचारा: बंद पडलेलं उपकरण तुम्ही कसं शोधता? त्यासाठी एनएलजेडी (नॉन-लिनियर जंक्शन डिटेक्टर) नावाचं यंत्र असतं. ते लहरी सोडतं आणि परत येणाऱ्या लहरींत दुप्पट आणि तिप्पट वारंवारता शोधतं. डायोड, ट्रान्झिस्टर यांच्याकडून दुप्पट वारंवारता ठळक येते, उपकरण बंद असलं तरी. गंजलेल्या लोखंडाकडून तिप्पट. हा फरक ओळखण्यात खरी कारागिरी आहे. आपल्याकडचे पत्र्याचे शेड आणि गंजके नटबोल्ट यांच्यात हे यंत्र चालवणं म्हणजे डोक्याला ताप असतो. शेवटी स्क्रू खोलून डोळ्यांनी बघावंच लागतं.

आणि स्वीपसाठी कुणाला बोलवायचंच असेल, तर संशय असलेल्या खोलीतून किंवा त्याच फोनवरून बोलवू नका. ही चूक भल्याभल्या कंपन्या करतात.

‘स्टार हॅश २१ हॅश’

हा कोड तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेत का, एवढंच सांगतो. दाराची कडी लावलीय का हे बघून घरात साप आहे की नाही ठरवण्यातला हा प्रकार. २१ च्या जागी ६२ घातलं तर फोन बंद असताना कॉल कुठे जातात ते कळतं. तिथे बऱ्याचदा मोबाइल कंपनीचाच मिस्ड कॉल सेवेचा नंबर दिसतो, लोक तो बघून घाबरतात आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतात.

तरी कोड कुचकामी नाही. कॉल वळवण्याची फसवणूक खरी आहे. कुरिअरवाला किंवा बँकवाला असल्याची बतावणी करून स्टार ४०१ स्टार आणि पुढे एक नंबर डायल करायला लावतात. मग तुमचे कॉल, आणि कॉलवर सांगितले जाणारे ओटीपी, चोराकडे जातात. याच कारणाने दूरसंचार विभागाने यूएसएसडी पद्धतीची, म्हणजे असे स्टार-हॅशचे कोड डायल करून चालणारी, कॉल फॉरवर्डिंग सेवा १५ एप्रिल २०२४ पासून थांबवायला कंपन्यांना सांगितलं. वळवलेलं सगळं रद्द करायला हॅश हॅश ००२ हॅश आहे. पण तो रद्द करतो फॉरवर्डिंग. टॅपिंगशी त्याचा संबंध नाही.

‘खरखर आली, फोन गरम झाला, म्हणजे टॅपिंग’

सरकारी टॅपिंग तुमच्या फोनमध्ये होतच नाही. मोबाइल कंपनीच्या यंत्रणेतच कॉलची प्रत तपास यंत्रणेकडे वळते. त्याने खरखर येत नाही आणि बॅटरीही उतरत नाही. त्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो. तो एका वेळी ६० दिवसांचा, वाढवून जास्तीत जास्त १८० दिवसांचा, आणि वर आढावा समिती. या चौकटीचा पाया पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिलेल्या निकालात आहे. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि डिसेंबर २०२४ चे नियम लागू आहेत. चौकट मोडली तर काय होतं? मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये लाचेच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे आदेश रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं होतं.

पेगासससारखं हेरगिरीचं सॉफ्टवेअर फोनमध्येच शिरतं, हे खरं. पण सर्वोच्च न्यायालयाच्या तांत्रिक समितीने २९ फोन प्रयोगशाळेत तपासले, पाचांत कसलं तरी मालवेअर सापडलं, आणि ते पेगाससच आहे असं तिलाही ठामपणे सांगता आलं नाही. तिथे आपण एप्रिलच्या उन्हात, परभणीत, फोन गरम झाला यावरून निष्कर्ष काढणार?

माझ्याकडे येणाऱ्या ‘माझा फोन टॅप होतोय’ या तक्रारींत कारण बहुतेक वेळा घरातलं किंवा ऑफिसातलं निघतं. दहा मिनिटं फोन हातात मिळालेला नवरा, भाऊ, पार्टनर, जुना मित्र. व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये एक अनोळखी लॅपटॉप. गुगल मॅप्सवर चालू राहिलेलं लोकेशन शेअरिंग. ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी घेऊन बसलेलं, ‘सिस्टिम सर्व्हिस’ अशा नावाचं ॲप. या तीन जागा आणि गुगल खात्यातली उपकरणांची यादी बघा. एक सावधगिरी मात्र हवी: पाळत ठेवणारा माणूस मारकुटा असेल तर ॲप लगेच काढू नका, ते काढल्याचं त्याला कळतं. आधी दुसऱ्या फोनवरून मदत मागा. बाईच्या फोनवर, मेसेजवर अशी नजर ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. नवऱ्याला त्यातून वेगळी सूट दिलेली नाही.

मेसेजमध्ये एक गोष्ट मुळातच नाही: खरोखर कॅमेरा सापडला तर? लोक तो उपटतात, व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतात, मॅनेजरला चोप देतात. राग समजू शकतो. पण खटला पुराव्यावर चालतो. कपडे बदलताना किंवा न्हाताना बाईचं चित्रण करणं हा न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं शिक्षा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. भिंगावर रुमाल टाका, वस्तू जागेवर राहू द्या, कुठे कशी होती याचा लांबून फोटो घ्या, खोलीबाहेर येऊन ११२ ला फोन करा. चित्रण आधीच नेटवर गेल्याचा संशय असेल तर १९३० आणि सायबर क्राइम पोर्टल.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा देशातला महत्त्वाचा निकाल आपल्याच जालन्यातून गेलेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावर येऊन ठेपला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की मूळ उपकरण कोर्टात हजर करता येत नसेल तर नकलेसोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र लागतंच. आता ती तरतूद नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. तुमच्या मोबाइलमध्ये उतरवून घेतलेल्या क्लिपपेक्षा त्या खोलीतलं मूळ कार्ड मोलाचं असतं ते यामुळे. तेव्हा ते कार्ड काढून ‘आधी बघू तरी काय आहे’ म्हणत लॅपटॉपला लावू नका. लावल्या लावल्या विंडोज त्यावर स्वतःची फाइल लिहून ठेवू शकतं, आणि समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो.