पोकळ भिंतीचा ठाव

इंदूरच्या रामबागेतील आमच्या जुन्या घराच्या भिंती दीड हात जाडीच्या होत्या. तेथे खिळा ठोकताना खिळा वाकत असे, अंगठा सुजत असे. परंतु भिंतीच्या दानतीविषयी कोणालाही शंका येत नसे. बायपासजवळच्या फ्लॅटमध्ये आल्यावर दिवाणखान्याचा एक तुकडा तोडून आईसाठी खोली केली, मध्ये जिप्सम बोर्डाचे पार्टिशन उभे राहिले आणि आजोबांचे 7 किलोचे लंबकाचे घड्याळ त्यावर टांगण्याचे काम माझ्या वाट्याला आले.

पहिला खिळा श्रीखंडात चमचा शिरावा तसा शिरला. माझ्या कसबावर मीच खूष असताना तो मूठभर भिंतीसह बाहेर आला. घड्याळ खालच्या गादीवर पडले म्हणून वाचले. भिंतीचे ते तुकडे घेऊन सकाळी कचरागाडीपाशी गेलो, तर ओला, सुका वगैरे सर्व खाने दाखवून गाडीवाला म्हणाला, "भाईसाहब, ये तो मलबा है, इसमें नहीं जाएगा."

पार्टिशनवाल्या मिस्त्रींना फोन केला. "दो-दो फुट पे पट्टी है साहब, कहीं भी ठोक लो," असे त्यांनी सांगितले. या वाक्याचा पूर्वार्ध खरा आणि उत्तरार्ध घातक आहे. बोर्ड जेमतेम साडेबारा मिलिमीटर जाड असतो. त्यामागे साधारण 610 मिलिमीटरच्या अंतराने पत्र्याच्या उभ्या पट्ट्या, म्हणजे स्टड, असतात आणि उरलेल्या जागेत हवा असते. कोपऱ्यापासून टेप लावून हिशेब केला, पण दाराच्या दोन्ही बाजूंना चौकटीसाठी वेगळे स्टड घातलेले असल्याने तो तेथेच बिघडला.

मग भिंतीला कान लावून टिचक्या मारू लागलो. सगळीकडे ढब्ब ढब्ब असा आवाज येत असताना एका जागी चांगला ठणठणीत ठोका ऐकू आला. मी आनंदाने पेन्सिलीने फुली मारली. थोडे सरकलो, तर तोच ठोका तेथेही. चार फुल्या झाल्यावर पलीकडून आईचा आवाज आला, "अरे, मघापासून कोण ठोकतंय? मी उत्तर देतेय, तर बोलत का नाहीस?"

अखेरीस जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक दोऱ्याला बांधून मी ते भिंतीलगत हळूहळू फिरवू लागलो. बोर्ड पट्टीवर स्क्रूने आवळलेला असतो आणि स्क्रूचे माथे लांबीखाली, म्हणजे पुट्टीखाली, दडलेले असतात. चुंबक एका जागी डुलता डुलता भिंतीला चिकटले, वीतभर खाली पुन्हा चिकटले, त्याखाली पुन्हा; ती उभी ओळ म्हणजेच पट्टी. स्विचबोर्डाच्या सरळ रेषेत वायर असू शकते म्हणून तेवढी जागा सोडली. पुढची पट्टी बायकोने पसंत केलेल्या जागेपासून नेमकी एक फूट डावीकडे निघाली. त्यावर घरात बराच वेळ चर्चा झाली, परंतु पट्टी जागची हलेना.

पत्र्यात धरणारे स्क्रू घालून घड्याळ तेथेच टांगले आहे. पोकळ भिंत मृदंगासारखी घुमते, हे मात्र पहिल्या रात्री बाराचे टोल पडले तेव्हा समजले. बारावा टोल विरतो न विरतो तोच पलीकडून आईने तीन वेळा ठोकले.