खांब अजून ओला आहे

हस्तकलेच्या व्हिडिओत सगळं असतं. कात्री असते, रंगीत कागद असतात, नेलपॉलिश लावलेले दोन हात असतात, मागं बासरी वाजत असते. फक्त वाळणं नसतं. लगदा थापला की पुढच्या क्षणी त्यावर सोनेरी रंग चढतो, रंग चढला की लगेच टिकल्या. मधल्या वेळात त्या हातांच्या मालकिणीनं काय केलं, तिच्याकडं पाऊस होता का, घरातली माणसं जेवायला कुठं बसली, हे कुणी दाखवत नाही.

माझ्यासारख्याला तरी हे खटकायला हवं होतं, असं घरातल्यांचं म्हणणं आहे. कारण मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो आणि वाळणं हा आमच्या पोटापाण्याचाच विषय. शेतकरी हळद शिजवतो, उन्हात वाळवतो, पॉलिश करतो, मग ती सौद्याला येते. आमचे शेठ पोत्यातलं एक हळकुंड उचलून मोडतात आणि नुसत्या आवाजावर सांगतात. वाळलेलं हळकुंड खणकन बोलतं. ओलं असलं की मुकाट वाकतं. पण हळदीचं ज्ञान कागदाला लागू पडतं असं मला कुणी सांगितलेलं नव्हतं, तेव्हा माझ्याकडं बोट दाखवण्यात अर्थ नाही.

मुळात हे सगळं सुरू झालं सरकारमुळं. २०१८ साली आमच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याच साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली. पहिल्या बातमीनं पेढीवर पेढे वाटले, दुसरीनं घरात पेच पडला. आमच्याकडं थर्माकोलचं एक जुनं मखर होतं. त्यातल्या एका मोराची मान केव्हाच गेली होती, पण समोर समई ठेवली की समजायचं नाही. ते गेलं आणि तेव्हापासून दरवर्षी गणपतीच्या मागं बायकोची पैठणी लागायची. यंदा श्रावण लागायच्या आतच तिनं जाहीर केलं, "माझी साडी भिंतीला लावायची नाही. टाचण्यांनी चाळण व्हायची वेळ आलीय तिची." तयार मखर आणायचं तर त्याची किंमत ऐकून मी दुकानाच्या पायरीवरूनच मागं फिरलो. राहिलं काय? घरच्या घरी.

आता लगदाच का, तर त्यामागं विचार होता. आमच्या सांगलीत चतुर्थीची वाट न बघता भाद्रपद शुद्ध प्रतिपदेलाच कृष्णाकाठच्या गणपती मंदिरात चोर गणपती बसतो. गाजावाजा न करता गुपचूप येतो म्हणून चोर. त्या मूर्ती कागदाच्या लगद्याच्या आहेत. त्यांचं विसर्जन होत नाही, वर्षभर जपून ठेवतात आणि पुढच्या भाद्रपदात पुन्हा बसवतात. कागदाचा देव पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, तर कागदाचे दोन खांब, दोन कळस आणि एक कमान गौरी जाईपर्यंत टिकायला काय हरकत आहे? हा मुद्दा मी जेवताना मांडला.

"देव ज्यानं केला त्याला येत होतं," बायको म्हणाली आणि तिनं मला आमटी वाढली.

हरभट रोडवरच्या एका दुकानात यादी दिली. दुकानदारानं ती वरपासून खालपर्यंत वाचली.

"कितवीला आहे?"

"कोण?"

"पोरगं ओ. प्रोजेक्ट कितवीचा आहे?"

मी म्हणालो, माझाच आहे. त्यानं गल्ल्यावरच्या पोराकडं बघितलं, पोरानं माझ्याकडं बघितलं. मग दुकानदारानं न विचारता फेव्हिकॉलचा सगळ्यात मोठा डबा काढला. शिवाय ग्लू गन, तिच्या कांड्या, सोनेरी ॲक्रेलिक रंग, कटर आणि आरसे. पुठ्ठा मात्र फुकट मिळाला. शेजाऱ्यांच्या नव्या फ्रिजचं खोकं मी त्यांचा फ्रिज गार व्हायच्या आत उचलून आणलं.

आमच्या पिढीला हस्तकला शिकवलेली नाही असं कुणी म्हणू नये. शाळेत कार्यानुभव नावाचा तास होता. त्या तासाला गणिताचे सर येऊन राहिलेला धडा पुरा करायचे, आणि वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं घरून एक वस्तू आणून द्यायची. माझ्या नावावर शाळेच्या कपाटात लोकरीचा एक पोपट होता. आईनं फार सुंदर विणला होता.

तीच आई आता खाटेवर बसून माझी रद्दीची बादली बघत होती.

"मेथ्या घातल्यास का?"

मेथ्या कशाला, तर तिच्या माहेरी, तासगावकडं, बायका कागद आणि मेथ्या एकत्र भिजवून कुटायच्या, त्याचा लगदा पालथ्या घागरीवर थापायच्या आणि वाळला की अलगद सोडवून घ्यायच्या. धान्य ठेवायला झकास टोपली तयार. मेथीचा चिकटपणा कागद धरून ठेवतो आणि कडूपणानं किडे लागत नाहीत. "पण ते आम्ही उन्हाळ्यात करायचो," आई म्हणाली. मी मेथ्या आणायला उठलो. "उन्हाळ्यात," ती पुन्हा म्हणाली. म्हाताऱ्या माणसांना एकच गोष्ट परत परत सांगायची सवय असते, असं मला वाटलं.

मिक्सरवरून घरात चर्चेच्या फेऱ्या झाल्या. "वाटणाच्या भांड्यात बातम्या वाटायच्या नाहीत," या भूमिकेवर बायको ठाम राहिली. शेवटी झाकणाचा कान तुटलेलं जुनं भांडं माझ्या वाट्याला आलं. कागद वाटताना पाणी भरपूर घालावं लागतं. कमी घातलं तर पातं अडकतं, मोटर तापते, एक करपट वास येतो आणि मिक्सर मौन धरतो. अशा वेळी तो आडवा करून बुडाशी असलेलं लाल बटण दाबायचं असतं. ते बटण शोधायला ओट्याला गाल टेकवून खाली बघावं लागतं. त्या अवस्थेत मी असताना मुलगी कॉलेजमधून आली. तिनं एक फोटो काढला आणि ती आत गेली. अकरावीतली मुलं मोठ्या माणसांशी फार बोलत नाहीत.

आणखी एक गोष्ट व्हिडिओत नसते, ती म्हणजे लगदा पिळल्यावर किती उरतो. बादलीभर भिजवलेली रद्दी वाटून फडक्यातून घट्ट पिळली की हातात जेमतेम दोन नारळांएवढा करडा गोळा येतो. शाईमुळं करडा. खांबाला एवढं पुरत नाही म्हणताना मी शेजारपाजारची रद्दी आणली, नंतर पेढीवरची आणली. घरात मेथी, शाई आणि ओल्या कागदाचा असा काही वास बसला, की दूधवाला पातेल्यात दूध ओतून पैशाचं न बोलता जायला लागला. वरच्या थरासाठी कागदाचे तुकडे खळीनं चिकटवले. मैद्याच्या खळीला झुरळं आणि उंदीर येतात म्हणून त्यात मोरचूद घालतात. मोरचूद विषारी, त्यामुळं भांडं वेगळं, पळी वेगळी, आणि बायकोनं झाकणावर ऑइलपेंटनं काढलेली लाल फुली. गुठळ्या झाल्या. त्या मैद्याच्या दोषानं झाल्या.

आणि मग पाऊस लागला.

ज्यांनी सांगलीतला श्रावण बघितला नाही त्यांना सांगतो, इथं त्या दिवसांत माणसं एकमेकांना "कसं काय" असं विचारत नाहीत. "पाणी कितीला आहे?" असं विचारतात. आयर्विन पुलाखाली कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला गेली की धोका. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती निघालं, हे आमच्या गावभागात शाळकरी पोरंसुद्धा सांगतात. अशाच एका संध्याकाळी मी जमिनीवर बसून खांबात बोट खुपसून बघत होतो. दारातून शेजारचे काका छत्री मिटत आत आले.

"कितीवर आलंय?"

"वरनं सुकल्यासारखं वाटतंय," मी म्हणालो, "पण बोटभर आत अजून पाणीच आहे."

काका छत्री पुन्हा उघडून घाईनं गेले. नंतर जिन्यात सामान वर नेल्याचे आवाज येत राहिले.

लगदा जाड थापला की वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि आतली ओल आतच कोंडते. फेव्हिकॉलचंही तेच. त्यातलं पाणी उडून गेल्याशिवाय ते धरत नाही, आणि हवाच ओली असेल तर पाणी उडणार कुठं? मी खांब पंख्याखाली ठेवले. इन्व्हर्टर कोमट असतो म्हणून कळस त्याच्यावर ठेवले. कमान फ्रिजच्या मागं गेली. मुलीचा हेअर ड्रायर वापरला, तो तिनं परत नेला. शेवटी पोकळ खांबाच्या आत पिवळा बल्ब सोडून दिवस-रात्र चालू ठेवला. रात्री पाणी प्यायला उठलेल्या आईनं हॉलमध्ये आतून पेटलेला करडा खांब बघून रामरक्षा सुरू केली.

काही दिवसांनी त्याला कोवळी हिरवट लव फुटली. अगदी मऊ, बोट लावलं की धूर उडावा तशी पूड उडायची. मुलगी तेव्हा प्रथमच आपणहून बोलली. "बाबा, हे इको-फ्रेंडली व्हायला लागलंय."

खांबाचा एक टवका मी कागदात गुंडाळून पेढीवर नेला. शेठना म्हणालो, जरा बघता का? त्यांनी विचारलं नाही हे काय आहे. सवयीनं चिमटीत धरलं, कानाजवळ नेलं आणि मोडलं. आवाज आला नाही. पुन्हा मोडलं.

"ओल आहे. पोत्यामागं कडता धरावा लागंल." कडता म्हणजे ओलीपायी वजनातून धरायची घट.

आमच्या पेढीवर एक मिरजकर आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून हे गृहस्थ कुठल्याही विषयात भोपळा आणतात. "आमच्याकडं सतारीचा भोपळा महिनोन्‌महिने वाळवल्याशिवाय त्याला कुणी हत्यार लावत नाही. आणि तुम्ही भर पावसात खांब करालाय!" मी म्हणालो, गणपती पावसातच येतो, त्याला मी काय करू? यावर त्यांच्याकडं उत्तर नव्हतं. हिशेबाच्या वहीत बघत ते हसत होते, एवढंच.

मग एक दिवस ऊन पडलं. गच्चीवर सगळ्या सोसायटीच्या गाद्या, पापड आणि माझे खांब. बुरशी ब्रशनं झाडली, व्हिनेगरनं पुसलं, खडूची पूड फेव्हिकॉलमध्ये कालवून अस्तर दिलं. खांब वाळलेही. पण लगदा वाळताना आक्रसतो आणि ज्याला चिकटलाय त्याला बरोबर ओढतो. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा तो किती सोसणार? एक खांब दोन बोटं बुटका झाला आणि दुसरा कमरेत वाकला.

"एक मिरजेला निघालाय आणि एक माधवनगरला," आई म्हणाली.

सोनेरी रंग दिला. बुडाशी रद्दीतला 'निविदा' हा शब्द जसाच्या तसा राहिला होता, तो दोन हात देऊनही झाकला नाही. आरसे लावायला ग्लू गन घेतली. तिच्यातून गोंद येतो तसे केसांसारखे बारीक तंतूही येतात. गन उचलली की तंतू, फिरवली की तंतू, चटका बसून हात झटकला की पार पंख्यापर्यंत तंतू. ते काढायचं काम मी शेवटी ठेवलं होतं. मी अंघोळीला गेलो तेवढ्यात बायकोनं जळमटं समजून त्यावर केरसुणी फिरवली. तंतूंबरोबर डावा कळसही निघाला आणि त्याचा काठ फुटला. उजव्याला दृष्ट लागू नये म्हणून मी तो माझ्या कपाटात ठेवला.

चतुर्थीच्या आदल्या रात्री उभारणी. भिंतीला दुहेरी टेप लावला, तो डिस्टेंपरचा पापुद्रा घेऊन खाली आला. मग खिडकीच्या गजाला सुतळी बांधून कमान ताणली. बुटक्या खांबाखाली गेल्या वर्षीची दिनदर्शिका घडी घालून सरकवली. वाकड्या खांबाला मागून क्रिकेटची बॅट दिली. समोरून बघता सगळं बरोबर दिसत होतं, मात्र बघणाऱ्यानं मान किंचित डावीकडं कलती ठेवायची. बायको बराच वेळ बघत उभी राहिली. मग काही न बोलता कपाटाकडं गेली, पैठणी घेऊन आली, आणि टाचणी न लावता नुसत्या चुण्या घालून तिनं ती दोन्ही खांबांवरून आणि कमानीवरून सोडली. वर तेवढा उजवा कळस उघडा राहिला.

गौरीजेवणाला आलेल्या बायका थांबून थांबून बघत होत्या. "साडी किती छान लावलीय हो! खाली काय घातलंय, एवढी ताठ कशी बसली?"

"हे ह्यांनी केलंय," बायको म्हणाली. त्यातला सूर कौतुकाचा होता असं मी धरून चाललो आहे.

गौरींबरोबर गणपती गेले आणि खांब ठेवायचे कुठं हा प्रश्न आला. आमचा माळा २०१९ पासून भरलेला आहे. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा खालच्या मजल्यावरचं जे जे वर चढलं ते अजून खाली उतरलेलं नाही. उतरवू या म्हटलं की पुन्हा पावसाळा येतो. खांब सध्या बाल्कनीत आहेत. एकावर बनियन वाळतात.

फुटक्या काठाचा कळस मात्र आईनं उचलला. उलटासुलटा करून बघितला, टिचकी मारून बघितली आणि त्यात लसूण भरून ठेवला. परवा मला हाक मारून म्हणाली, "मेथ्या बरोबर पडल्यात, एक किडा नाही बघ. कांद्याला एक जरा मोठं कर. आणि सोनेरी लावू नकोस बाबा, आत हात घालायला भीती वाटते."