‘लहानपणी एकत्र सोडले की सगळे मासे जुळतात’: एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

घरगुती मत्स्यटाकीविषयीचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरू लागला आहे. त्याचा आशय असा: पिल्ले लहानपणीच एकत्र सोडली की कोणतेही मासे एकमेकांना सरावतात, मासा टाकीच्या मापानेच वाढतो, माशाच्या दर इंचाला ४ लिटर पाणी पुरते, सकर (काचेला चिकटून शेवाळ खरवडणारा मासा) टाकला की टाकी आपोआप स्वच्छ राहते, मारका मासा असेल तर तो एकच ठेवावा, आणि शंका आल्यास दुकानातली टाकी पाहावी, तिथे सगळे गुण्यागोविंदाने राहतातच. सोबत नवशिक्यांसाठी दोन फुटी टाकीचा एक ‘सेट’ही सुचवलेला आहे: २ गोल्डफिश, २ एंजल, १० निऑन, २ शार्क आणि १ सकर.

यातले पहिले विधान सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वांत घातकही. सहवासाने भूक मरत नाही. रुपयाच्या नाण्याएवढा एंजल आणि निऑन काही महिने खरोखरच शांतपणे राहतात, कारण तोवर निऑन एंजलच्या तोंडात मावत नाही. पुढे एंजल सुमारे १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि निऑन साडेतीन सेंटिमीटरवर थांबतो. माझ्या टाकीत दहा निऑनांचे आठ झाले, मग सहा. मी पाणी तपासत राहिलो, औषधही घातले, आणि एके दिवशी पहाटे दिवा लावला तेव्हा एंजलच्या तोंडातून निऑनचा लाल शेपटाकडचा भाग अजून बाहेर दिसत होता. दोघेही अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले, तेव्हा त्यांचे जमायलाच हवे, असाही एक युक्तिवाद केला जातो. पण वाघ आणि सांबरही एकाच ताडोबात राहतात. शिवाय एंजलची जोडी जमून तिने अंडी घातली की ती अर्धी टाकी अडवून बसते आणि लहानपणापासून शेजारी असलेल्यांनाही कोपऱ्यात पिटाळते.

‘मासा टाकीच्या मापानेच वाढतो’ हे अर्धसत्य आहे. लहान टाकीत वाढ खुंटते खरी, पण ती साठलेल्या घाणीने, अपुऱ्या जागेने आणि सततच्या ताणाने खुंटते. पाठीचा कणा वाकतो, आयुष्य घटते. सेटमध्ये ‘शार्क’ म्हणून जो रुपेरी, चपळ मासा दिला जातो तो बहुधा पंगस असतो, म्हणजे हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो तोच. मेकाँग नदीतला हा मासा एक मीटरहून मोठा होतो. त्याला दोन फुटी टाकीत ठेवल्यास तो जागा पुरत नाही म्हणून काचेवर नाक आपटत राहतो, आणि आपण म्हणतो, किती खेळकर आहे.

इंचाच्या हिशेबाला फार वेळ द्यायला नको. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरले तरी सुमारे ५६ लिटर पाणी मावते. त्या नियमाने तिच्यात १४ इंचांचा एक मासा चालायला हवा. प्रत्यक्षात त्याला तिथे धड वळताही येणार नाही. शिवाय १४ इंचांच्या एका माशाचे वजन, अंगाची ठेवण सारखी धरली तर, एकेक इंचाच्या चौदा माशांच्या एकत्रित वजनाच्या जवळजवळ दोनशे पट भरते, आणि घाण त्याच बेताने वाढते.

पाण्याच्या प्रकाराबद्दल मात्र मजकुरात चकार शब्द नाही. गोल्डफिशला १८ ते २२ अंशांचे पाणी मानवते, एंजलला २५ ते २८ अंशांचे. म्हणजे सेटमधल्या पहिल्या दोन नावांपैकी एकाची कायम गैरसोय ठरलेली. निऑनला मऊ म्हणजे कमी क्षारांचे, किंचित आम्लधर्मी पाणी लागते, तर गप्पी आणि प्लॅटी बोअरच्या जड, क्षारयुक्त पाण्यात उत्तम राहतात. त्यामुळे धरणाचे मऊ पाणी येत असेल तर दहा निऑन, तळाशी सहा कॉरिडोरास आणि आपल्याच ईशान्य भारतातल्या हनी गोरामीची एक जोडी, आणि बोअरवर भागवावे लागत असेल तर नुसते गप्पी-प्लॅटी, अशी निवड मी सुचवीन.

सकरची कथा वेगळीच आहे. लहान असताना तो काचेवरचे शेवाळ खरवडतो हे खरे. पण तो ४० सेंटिमीटरच्या वर जातो, वाढत्या वयात शेवाळापेक्षा आयत्या दाण्यांकडे वळतो आणि त्याची लांबलचक दोऱ्यासारखी विष्ठा टाकीभर लोंबत राहते. सफाई कामगार म्हणून आणलेला हा मासा सर्वांत जास्त घाण करतो. भरीत भर म्हणजे एंजल, गोल्डफिश अशा रुंद अंगाच्या, संथ माशांना रात्री चिकटून तो त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो. मग कंटाळून लोक त्याला नदीत नाहीतर तळ्यात सोडून देतात. केरळ, आंध्र प्रदेश आणि पश्चिम बंगालमध्ये हा परका मासा मच्छीमारांची जाळी फाडतो आणि काठ पोखरतो.

मारका मासा एकच ठेवण्याचा सल्ला नर फायटरच्या बाबतीत योग्यच आहे; दोन नर एकत्र आले तर एक मरेपर्यंत भांडतील. टायगर बार्बला मात्र तोच सल्ला उलटा पडतो. आठ-दहांच्या थव्यात तो मानपानाची भांडणे आपसांत मिटवतो, तर एकटा किंवा दुकटा असला की एंजलचे लांब पर आणि गोरामीच्या मिशा कुरतडतो.

राहिली दुकानातली टाकी. ती एसटी स्टँडसारखी असते. तिथे कोणी घर करून राहत नाही. सगळी पिल्ले, तीही इतकी दाटीने भरलेली की कोणालाच आपली हद्द आखता येत नाही, आणि आठवड्याभरात त्यातली बरीच विकली गेलेली असतात. बोटाएवढ्या सकरकडे दाखवून, हा केवढा होतो, असे मी एकदा एका विक्रेत्याला विचारले. त्याने मनगटापासून कोपरापर्यंत हात दाखवला आणि म्हणाला, “तेव्हा परत आणून द्या, साहेब, घेऊन टाकू.” त्याच्या दुकानात तेवढा सकर मात्र एकही नव्हता.